आजोबांच्या ‘सोवार’ची तबकडी चहाच्या रंगाची झालीय, रीडायल करू का?

शहापुरी (शनिवार, रात्री ९.१०)

नमस्कार मंडळी. गाव खानापूर तालुक्यात, राहायला शहापूर, बेळगाव. पावसाच्या तोंडावर गावचं घर शाकारायला काढलं आणि माळ्यावरची आजोबांची मिलिटरीची ट्रंक खाली आली. आजोबा मराठा रेजिमेंटला होते, १९७४ साली गेले. ट्रंकेत एक मफलर, वाळवीने निम्मी खाल्लेली कागदपत्रं आणि तंबाखूच्या डब्यात रुमालात गुंडाळलेलं घड्याळ. वेस्ट एंड वॉच कंपनीचं ‘सोवार प्राइमा’. किल्ली दिली तर दहा मिनिटं टिकटिकलं आणि गप्प झालं.

मशीनचं बघता येईल. प्रश्न तबकडीचा आहे. आत्या सांगते, ती पांढरीशुभ्र होती. आता सगळी दुधाच्या चहासारखी, कडेला जास्त गडद. शिवाय मधून आठच्या आकड्याकडे एक तपकिरी पट्टा गेलाय, कुणी काडीने ओढल्यासारखा. आकडे रेडियमचे, जाड, करडे-पिवळे पडलेत आणि अंधारात अजिबात चमकत नाहीत. एका घड्याळवाल्याने “आठ दिवसांत नवी कोरी करून देतो” म्हटलंय. द्यावं का? फोटो टाकलाय. मोबाइल जुना आहे, गोड मानून घ्या.

निपाणीकर (रात्री ९.३२)

देऊ नका. बाकी सविस्तर जाणकार सांगतीलच.

तंबाखूच्या डब्यात पन्नास वर्षं मुरल्यावर तपकिरी नाही होणार तर काय होणार? आमच्याकडे वखारीतल्या माणसांचे शर्टसुद्धा त्याच रंगाचे असतात.

लोंढा_जंक्शन (रात्री ९.४०)

‘सोवार’ म्हणजे आपला स्वारच की. ही कंपनी १८८६ ची, मुंबईतली. घड्याळं बनायची स्वित्झर्लंडात आणि खपायची आपल्या फौजेत नि रेल्वेत. आमच्या घरातही एक आहे, त्यावर नंतर लिहितो.

भिंगवाला (रात्री १०.०५)

चाळीस वर्षं भिंग डोळ्याला लावून बसलोय, आता मुलगा बसतो. म्हणून चार शब्द.

पहिलं म्हणजे घाई करू नका. दुसरं म्हणजे जी तबकडी चहाच्या रंगाची दिसते म्हणताय, ती तुम्ही काचेतून बघताय. आणि ती काच म्हणजे काच नव्हे, प्लॅस्टिक. जुनं अ‍ॅक्रिलिक पिवळं पडतं, त्यात खाली रेडियमचे आकडे असले तर जास्तच. निम्मा चहा काचेतला असतोय बघा. काच बदलल्यावर “तबकडी धुतली काय ओ?” म्हणून विचारणारी गिऱ्हाईकं मी लई बघितलीत.

आता रीडायल म्हणजे काय करतात ते ऐका. तबकडी काढायची, जुना रंग नि छाप घासून पितळ उघडं करायचं, नवा रंग मारायचा आणि त्यावर नाव, आकडे, मिनिटांच्या रेघा नव्याने छापायच्या. मूळ छाप केसासारखा बारीक असतो, नवा जाड येतो. मिनिटाची रेघ आणि आकडा एका ओळीत बसत नाहीत. सहाच्या खाली अगदी कडेला बारीक अक्षरात ‘स्विस मेड’ असतं, ते बहुतेक वेळा गायबच होतं. हे काम मीही गिऱ्हाइकांना करून दिलंय, खोटं कशाला बोलू. त्या वेळी माणसाला घड्याळ लग्नात घालायला चकचकीत पाहिजे असायचं. डाग म्हणजे डाग, कपड्यावर काय नि घड्याळात काय. त्यात चूक कुणाची नव्हती.

पण एकदा घासलं की परत येत नाही. एवढंच.

आणि एक विचारतो: डब्यातून काढलं तेव्हा घड्याळात किती वाजले होते? फोटोत पाच पन्नास दिसतात.

रसायनवाली (रविवार, सकाळी ७.२०)

शिकवते रसायनशास्त्र, टिळकवाडीत. घड्याळांचा नाद वडिलांकडून आला.

निपाणीकर, तंबाखूचं गमतीत म्हणालात हे कळलं, पण असं मनापासून मानणारे बरेच आहेत. तबकडीवर बाहेरचा रंग चढत नाही, तिचं स्वतःचंच अंग बदलतं. तिचे थर असतात. तळाला बहुतेक वेळा पितळ. त्यावर चांदीचा किंवा दुसऱ्या धातूचा मुलामा, नाहीतर रंग. त्यावर छपाई. आणि सगळ्यात वर पारदर्शक लाखेसारखा हात. यातला कुठला थर म्हातारा झालाय, त्यावर रंग ठरतो.

सगळ्यात आधी वरचा हात जातो. जुन्या काळी तो बहुधा नायट्रोसेल्युलोजचा असे. हा पदार्थ मुळातच अस्थिर. ऊन आणि उष्णता लागली की त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड सुटतात, ते आतच राहून आणखी विघटन करतात. म्हणजे पिवळेपणाच पुढच्या पिवळेपणाला हातभार लावतो. पांढरी तबकडी मलईसारखी, मग मधासारखी होते ती यामुळे.

चांदीची गोष्ट वेगळी. हवेत गंधकाचा अंश असला की तिच्यावर सिल्व्हर सल्फाइड बसतं: आधी पिवळसर, मग तपकिरी, शेवटी काळं. घरातली देवाची ताटली काळी पडते, तेच.

काळ्या तबकडीचं तिसरंच. तिच्यातलं रंगद्रव्य प्रकाशात टिकलं नाही तर ती काळ्याची चॉकलेटी होते. बाहेरच्या संग्राहकांनी त्याला ‘ट्रॉपिकल’ असं गोंडस नाव दिलंय, उष्ण प्रदेशात जास्त दिसतं म्हणून. ओळखायची खूण अशी: तबकडीची कड घड्याळाच्या डबीच्या (केसच्या) ओठाखाली झाकलेली असते. तिथे मूळ काळा रंग शाबूत असेल आणि उघड्या भागात चॉकलेटी, तर तो प्रकाशाचा परिणाम. झाकलेल्या भागातही डाग असतील तर ओल शिरली समजा.

खानापूरचा पाऊस बघता मला ओलीची भीती जास्त वाटते. कडेला हिरवट काही दिसतंय का? दिसलं तर ते खालचं पितळ गंजतंय, आणि त्याला कुणी ‘पॅटिना’ (जुनेपणाची झाक) म्हणून विकू लागला तर हात जोडावेत.

भिंगवाला (सकाळी ८.१५)

ताई, गंधकाचं सांगितलंत ते सोळा आणे खरं. माझ्याकडे सुट्या तबकड्यांचा एक डबा होता. एका पावसाळ्यात गठ्ठ्याला रबर लावून ठेवला. दुसऱ्या पावसाळ्यात उघडला तर वरच्या चांदीच्या तबकडीवर बरोबर मधून काळी पट्टी, रबराच्या रुंदीची. रबरात गंधक असतंय हे तेव्हा ठाऊक नव्हतं. फेवर ल्यूबाची चांगली तबकडी गेली.

नवखी_चिकोडी (सकाळी ८.४०)

वाचतेय. एक बाळबोध शंका: टूथपेस्टने स्वच्छ होत नाही का? व्हिडिओत बघितलं होतं.

भिंगवाला (सकाळी ८.५२)

बाळ, ते वरच्या प्लॅस्टिकच्या काचेसाठी. काचेवरचे ओरखडे पेस्टने जातात. एकाने तेच बघून तबकडीवर घासलं होतं. माझ्याकडे घेऊन आला तेव्हा कंपनीचं नाव जाऊन नुसता आडनावाचा शेवट राहिल्यासारखी दोन अक्षरं उरली होती. पाणी, स्पिरिट, ओला कापूस, काही लावायचं नाही.

लोंढा_जंक्शन (सकाळी ९.३०)

आता आमचं. पणजोबा मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेत होते, त्यांचं खिशातलं घड्याळ. तबकडी पोर्सेलीनची म्हणतो आम्ही. वय शंभरच्या आसपास, पण दुधासारखी पांढरी! सोवार त्याच्यापुढे तरुण, तरी तो पिकला. हे कसं?

रसायनवाली (सकाळी ९.५५)

कारण ती खरोखर काच आहे. तांब्याच्या पत्र्यावर काचेची पूड पसरून भट्टीत साधारण ८०० अंशांवर वितळवतात, त्याला मीनाकाम म्हणा. त्यात लाख नाही, रंगद्रव्य खनिजाचं. ऊन-पावसाने काही होत नाही. पण खाली पडली की तडकते. भिंगातून बघा, केसासारख्या चिरा नक्की असतील.

लोंढा_जंक्शन (सकाळी १०.०१)

आहेत. तीन. एक तर सातपासून थेट मध्यापर्यंत. माझ्या काकाने लहानपणी पाडलं होतं म्हणे, अजून कबूल करत नाही.

कॅम्पातला (सकाळी ११.१०)

इथे सगळे भावनेत वाहतायत म्हणून थोडं बाजाराचं बोलतो. रोलेक्स डेटोनाचं १६५२० हे मॉडेल १९८८ ला आलं. त्यातल्या काही तबकड्यांवर असाच लाखेसारखा हात होता, तो बिघडला आणि आतल्या छोट्या चकत्यांच्या कडा तपकिरी झाल्या. म्हणजे कारखान्याचा दोष. त्याला ‘पॅट्रिझी डायल’ नाव पडलं, लिलाववाल्या ओस्वाल्दो पॅट्रिझींवरून, आणि तसली घड्याळं साध्यापेक्षा महाग जातात. दोषाला जास्त पैसे! आता तर लोक तबकड्या ओव्हनमध्ये भाजून, दिव्याखाली ठेवून तपकिरी करतात. तेव्हा कुणी “ट्रॉपिकल आहे” म्हणून किंमत चढवली तर सावध.

उलट आपल्या एचएमटीचं बघा. १९६१ पासून बंगळूरला सिटिझनच्या मदतीने घड्याळं निघाली, २०१६ साली केंद्राने कंपनी बंद करायला मंजुरी दिली, आणि तेव्हापासून ऑनलाइन पोपटी, गुलाबी, नारिंगी ‘पायलट’ आणि ‘जनता’ या मॉडेलांचा पूर आलाय. मशीन जुनं, तबकडी कालची. असले रंग कंपनीने कधी स्वप्नातही काढले नसतील. माझ्या वडिलांची देवनागरी आकड्यांची जनता थोडी पिवळी पडलीय, ती मी कुणी लाख दिले तरी देणार नाही.

(हो, मीही भावनेतच बोलतोय.)

निपाणीकर (सकाळी ११.२५)

लाख दिले तर मला फोन करा, मी दलाली घेईन.

शहापुरी (दुपारी १.४५)

सर्वांचे आभार. भिंगवाला काका, तुम्ही वेळ का विचारलीत ते आत्ता कळलं, आणि अंगावर शहारा आला.

डब्यातून काढलं तेव्हा किती वाजले होते हे मी नीट बघितलं नव्हतं. पण किल्ली दिल्यावर दहा मिनिटं चाललं, फोटोत पाच पन्नास, म्हणजे पाच चाळीस. मग आत्ता किल्लीचं डोकं ओढून काटे बाराला नेले. तर तबकडीवर खाली अजून एक काट्यांची जोडी आहे! मिनिट काट्याची सावली आठच्या आकड्याकडे, तोच तो तपकिरी पट्टा. तास काट्याची पाच आणि सहाच्या मधे, आखूड, रुंद, त्या काट्याच्या पोटासारखीच फुगीर. सेकंद काट्याची मात्र नाही. हे काय आहे नेमकं?

रसायनवाली (दुपारी २.३०)

हे रेडियमने भाजलेलं आहे. तुमचे काटेही रेडियमने भरलेले आहेत, सेकंद काटा भरलेला नाही, म्हणून त्याची सावली नाही. रेडियममधून अल्फा कण निघतात. हवेत ते जेमतेम काही सेंटिमीटर जातात, कागदही त्यांना अडवतो. पण काटा आणि तबकडी यांत अंतर किती? मिलिमीटर-दोन मिलिमीटर. काटे चालते असते तर हा मारा सगळीकडे सारखा वाटला गेला असता. ते एका जागी थांबले, आणि वर्षानुवर्षं खालच्या लाखेवर त्याच दोन रेषांत मारा होत राहिला. दोन-चार वर्षांत असं गडद होत नाही.

आणि अंधारात चमकत नाही म्हणजे रेडियम संपलं असं अजिबात समजू नका. रेडियम २२६ चं अर्धआयुष्य सुमारे १६०० वर्षं. चमकायचं काम असतं झिंक सल्फाइडचं. रेडियम त्याला सतत ठोसे मारतं आणि तो उजेड देतो. ठोसे खाऊन झिंक सल्फाइड मोडलं. दिवा विझला, विस्तव तसाच आहे.

म्हणून काही गोष्टी कळकळीने: मागचं झाकण किंवा काच स्वतः उघडू नका. आकडे खरवडू नका. भुगा श्वासातून किंवा तोंडातून पोटात जाणं हा खरा धोका. अमेरिकेत १९१७ नंतर तबकड्या रंगवणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांनी ओलं करायच्या. त्यांच्या जबड्यांची हाडं कुजली, कित्येक जणी गेल्या. बंद घड्याळ कपाटात ठेवायला हरकत नाही, पण झोपायच्या खोलीत उशाशी नको. हवा खेळती हवी, कारण रेडियममधून रेडॉन वायू सुटतो. आणि रोज मनगटाला बांधू नका.

नवखी_चिकोडी (दुपारी २.४१)

बापरे! आमच्या दादाच्या गाडीच्या नंबरप्लेटला रेडियम केलंय. ते काढू का?

कॅम्पातला (दुपारी २.४४)

हाहा. ते नुसतं चमकणारं स्टिकर आहे, प्रकाश परत फेकतं, त्यात रेडियमचा ‘र’सुद्धा नाही. आपल्याकडे चमकेल ते सगळं रेडियम.

घड्याळांतही साठच्या दशकात रेडियम हटवून ट्रिटियम आणलं. सहाच्या खाली बारीक ‘टी’ दिसला की ट्रिटियम. त्याचं अर्धआयुष्य बारा वर्षांच्या वर थोडंसं, म्हणजे ती घड्याळं आता जवळपास निवांत झालीत. त्याचे कण इतके दुबळे की तबकडी भाजत नाही. नव्वदच्या दशकापासून जे येतं त्यात किरणोत्सार नाहीच, उजेड पिऊन उजेड देतं.

भिंगवाला (सायंकाळी ६.२०)

मला सावली दिसली म्हणूनच विचारलं. अशी पाच-सहा घड्याळं हातून गेलीत. त्या वेळी ‘भाजलंय’ एवढंच म्हणायचो आणि घासायला द्यायचो.

ताईंनी लिहिलेलं वाचून आता मात्र काटा आला अंगावर. रेडियमचे काटे काढताना पांढुरका भुगा पडायचा, आम्ही तोंडाने फू करून उडवायचो. मास्टर पण तसंच करायचे. कुणी सांगितलंच नाही ओ.

शहापुरी, एक सांगा. आजोबा किल्ली कधी द्यायचे? आणि गेले ते कधी, वेळ कुणाला आठवते का?

शहापुरी (रात्री ९.५०)

आत्याला फोन केला, ती नंदगडला असते. तिला सगळं लख्ख आठवतं. आजोबा पहाटे साडेपाच-सहाला उठून चहा व्हायच्या आधी किल्ली द्यायचे. मोजून. बोटांनी मिशी पिळल्यासारखी. गेले त्या दिवशी सकाळीही दिली होती. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. घड्याळ आजीने हातातून काढून देवळीत ठेवलं, ट्रंकेत नंतर गेलं.

भिंगवाला (रात्री १०.१०)

मग हिशेब बसतोय. या मशीनला पूर्ण किल्ली दिली की छत्तीस तासांच्या आसपास चालतं. सकाळी सहाला दिली, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास थांबणार. पाच चाळीस. म्हणजे ते गेल्यानंतरही घड्याळ पुढे एक दिवसाहून जास्त चालत होतं, देवळीत. घरात त्या गडबडीत कोण बघणार होतं.

संध्याकाळचे की पहाटेचे हे सावली सांगत नाही म्हणा. पण पहाटेचे असायला स्प्रिंग एक तर फारच थकलेली पाहिजे, नाहीतर फारच चांगली.

लोंढा_जंक्शन (रात्री १०.१८)

काका.

निपाणीकर (रात्री १०.३०)

वाचनखूण साठवली. तंबाखूचा विनोद मागे घेतो.

शहापुरी (सोमवार, सकाळी ७.०५)

ठरलं. रीडायल नाही. त्या घड्याळवाल्याला रात्रीच नाही म्हणून कळवलं, तो म्हणाला, “तुमची मर्जी, पण लोक हसतील.” हसू देत.

काका, मशीन तरी चालू करून घ्यावं का? आत्याची इच्छा आहे एकदा टिकटिक ऐकायची. ताई, तुमचं काय मत?

रसायनवाली (सकाळी ७.४०)

सर्व्हिसिंगसाठी काटे काढावे लागतात आणि तिथेच भुगा पडतो. करायचंच तर रेडियमची माहिती असलेल्या माणसाकडून. हातमोजे, मास्क, ओल्या कागदावर काम, आणि तो कागद पिशवीत बंद करून टाकायचा. फुंकर नाही! मी असते तर तसंच ठेवलं असतं. पण मला आत्या नाही.

भिंगवाला (सकाळी ८.००)

खडेबाजारात मुलाकडे घेऊन या. तो मास्क लावून करेल, मी शेजारी बसून त्याच्यावर ओरडेन. काच बदलू, मशीन धुऊन तेल घालू, तबकडीला हात लावणार नाही. काटे परत बसवताना पाच चाळीसलाच लावून देतो, बरोबर सावलीवर. आत्यासमोर किल्ली तुम्ही द्या.

एकदा ऐकवून झालं की परत थांबू दे. आणि येताना पट्टा आणू नका. हे घातलं जायचं नाही, उगाच खर्च.

शहापुरी (सकाळी ८.१२)

शनिवारी येतो काका, आत्याला घेऊनच. बाजाराचा दिवस आहे, गर्दी असेल, दुकान किती वाजता उघडतं?

भिंगवाला (सकाळी ८.१५)

दहाला. मुलगा साडेदहाला येतो, पण त्याला सांगू नका मी सांगितलं म्हणून.